पान, देठ, गाभा, मुळं: तरंगत्या वनस्पतींवरच्या कीटकांच्या नोंदी

३ फेब्रुवारी

नदीने इथे जुनं वळण सोडून सरळ वाट धरली आहे. मागे राहिलेल्या वळणात पाणी जेमतेम हलतं. त्याचं वरचं टोक गाळाने बुजलंय, खालचं नदीला उघडं आहे. पाण्यावर तीन तरंगत्या वनस्पती आहेत. बहुतेक भाग जलपर्णीने व्यापलेला, झाडांच्या सावलीत गोंडाळ, आणि अगदी आतल्या कोपऱ्यात साल्व्हिनिया. साल्व्हिनिया नेच्याच्या कुळातली. तिला खरी मुळं नसतातच, खाली लोंबतं ते रूप बदललेलं पान असतं.

पाणी चढेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, या तिघींवर कोण राहतं ते पाहायचं आहे. नुसत्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. मला हवंय ते हे की कोणता कीटक रोपाच्या कोणत्या भागावर राहतो आणि त्याच भागावर का. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम: पान, देठ, गाभा आणि मुळं यांच्या पिशव्या वेगळ्या. एका पिशवीत सगळं कोंबलं की नंतर कितीही मोजलं तरी हा प्रश्न सुटत नाही.

जागा तीन ठरवल्या. 'अ' ओढ्याच्या तोंडाशी. ओढ्यातून सांडपाणी येतं, त्यामुळे इथली जलपर्णी कंबरेएवढी, देठ लांब आणि सडपातळ, रोपांची दाटी. 'ब' उघड्या टोकाकडे. इथली रोपं ठेंगणी, देठ फुग्यासारखे फुगलेले, मुळं मात्र हातभर. पाण्यात पोषण कमी असलं की जलपर्णी मुळं लांबवते आणि भरपूर असलं की पानांवर जोर देते. 'क' म्हणजे सावलीतला कोपरा, गोंडाळ आणि साल्व्हिनियाचा.

५ फेब्रुवारी

पहिला नमुना वाया गेला, कारण लिहून ठेवते. ५० सेंटिमीटर बाजूची पाइपची चौकट पाण्यावर टाकली, आतली रोपं गाभ्याला धरून वर उचलली. मुळांतून पाणी निथळलं आणि त्या पाण्याबरोबर निम्मे रहिवासी परत नदीत गेले. चतुराची एक मोठी अळी मुळांच्या टोकावरून घसरताना मी पाहिली, हात पुढे करेपर्यंत गेली.

नाव चालवणारे काका म्हणाले, "ताई, मासा पकडायचा तर जाळं खालून घालतात."

तेच करायचं. संध्याकाळी २५० मायक्रॉनच्या जाळीची खोल पिशवी शिवली, तोंडाला तारेचं कडं. ती रोपांच्या खाली सरकवायची, कडं चौकटीला येऊन टेकलं की बाजूची मुळं कात्रीने कापायची आणि मग पाण्यासकट सगळं वर घ्यायचं.

६ फेब्रुवारी

नवी पिशवी चालली. 'ब' जागेचा एक नमुना पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला आणि दुपारचे चार तास त्यातच गेले.

जलपर्णीचं मूळ पिसासारखं असतं. मधे एक दोरा आणि दोन्ही बाजूंना दाट बारीक उपमुळं, जांभळट काळी. त्यांत गाळ अडकतो, शेवाळ धरतं, आणि ते खायला येणाऱ्यांना खाणारेही येतात. ट्रेमध्ये पाणी निवळलं तसं एकेक हलू लागलं. आधी रक्तासारख्या लाल काइरोनोमिड अळ्या (डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या), वळवळत. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा. मग टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या नाजूक भावंडाच्या अळ्या, शेपटीला तीन पानांसारखे कल्ले. एकीचा एक कल्ला तुटलेला होता, तरी चालण्यात फरक नव्हता. चतुराच्या अळ्या वेगळ्या: बाहेर कल्ले नाहीत, ते गुदमार्गाच्या आत. तिथलंच पाणी जोरात मागे सोडून ती पुढे झेपावते. ट्रेमध्ये बोट लावलं की दर वेळी झेप पाहायला मिळते.

दोन डिप्लोनिकस सापडले, पाण्यातले ढेकूणवर्गीय शिकारी. एकाच्या पाठीवर अंड्यांची चिकटलेली चटई होती. हा नर. मादी अंडी त्याच्या पाठीवर घालते आणि ती फुटेपर्यंत तोच वागवतो, हवेसाठी त्यांना पृष्ठभागाशी नेतो. त्याला अल्कोहोलमध्ये टाकवेना. मोजून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडला आणि नोंदीत 'सोडला' असं लिहिलं.

पाण्यातले भुंगेरे दोन कुळांतले होते. काचेच्या बरणीत ठेवले की ओळख पटते. हायड्रोफिलिड भुंगेरा श्वासाला वर येतो तो डोक्याकडून, मिशीने पृष्ठभाग फोडतो. डायटिसिड येतो शेपटीकडून.

मुळांच्या ट्रेच्या तळाशी मातकट गोळे, कुजलेले तुकडे असा कचराही बराच होता. तो चाळून फेकला.

११ फेब्रुवारी

पाण्यातला प्राणवायू मोजला. 'ब' जागेला मोकळ्या पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅमच्या वर. तिथेच दहा पावलं आत, जलपर्णीच्या दाट थराखाली, १ च्या खाली. दाट थर वाऱ्याला पाणी ढवळू देत नाही, उजेड अडवतो, वरून कुजणारी पानं टाकत राहतो. म्हणजे मुळांत राहणाऱ्यांसमोर प्रश्न एकच आहे, हवा कुठून आणायची, आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवलाय. कल्ल्यांवर जगणाऱ्या टाचण्या थराच्या कडेला दाट, आत विरळ. वर येऊन हवा घेणारे भुंगेरे आणि ढेकूण आतपर्यंत. लाल अळ्या सगळीकडे, कारण त्यांचं हिमोग्लोबिन अगदी थोडा प्राणवायूही धरून ठेवतं.

१४ फेब्रुवारी

'अ' जागेवरची पानं. जवळजवळ प्रत्येक पानावर चौकोनी बारीक खरवड, २ ते ४ मिलिमीटरची, कडा तपकिरी. पानाची फक्त वरची साल खाल्लेली, खालचा पापुद्रा शाबूत. हे सोंडकिड्यांचं काम, निओकेटिनाचं. पण दिवसभर शोधून पाच रोपांत किडा एकच सापडला. एवढ्या खुणा आणि खाणारा दिसत नाही.

पानांवर दुसरीही खूण आहे: बारीक समांतर बोगदे, उजेडात धरलं की रेघा मारल्यासारख्या. हे ऑर्थोगॅलुम्ना नावाच्या कोळीवर्गीय माइटचं. त्याला आठ पाय, तो कीटक नाही, पण त्याच पानावर त्याच अन्नासाठी झगडतो, तर त्याला वगळून पानाचा हिशोब कसा मांडणार? त्याचा स्तंभ वेगळा ठेवला.

१५ फेब्रुवारी, रात्र

काकांना विनंती करून रात्री गेलो. डोक्याला टॉर्च, वर लाल कागद. काल रिकामी वाटलेली तीच पाच रोपं. आता पानांवर सोंडकिडे उघड बसलेले, सोंड पानात रुतवून, इतके स्थिर की ठिपके वाटावेत. एका रोपावर सात मोजले. दिवसा हे सगळे गाभ्यात, कोवळ्या न उलगडलेल्या पानाच्या आवरणात दडून असतात.

काका बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "इतकी वर्षं या पाण्यावर आहे, हे कधी दिसलं नाही."

दिवसा मोजायचं असेल तर रोप बादलीत पूर्ण बुडवून वर जाळी दाबायची. किडे गाभा सोडून वर चढतात. उद्यापासून तसं.

२२ फेब्रुवारी

निओकेटिनाच्या दोन जाती वेगळ्या करता येऊ लागल्या. पहिले दोन दिवस मी दोघींची सरमिसळ करत होते. दोन्ही ४-५ मिलिमीटरच्या, दोन्ही करड्या तपकिरी. ब्रुकी जातीच्या पंखकवचांवर आडवा, फिकट, व्ही आकाराचा पट्टा असतो, आणि मधल्या शिवणीलगतचे दोन उंचवटे आखूड, जरा मागे. आयकॉर्नी जातीला तसा ठळक पट्टा नाही, उंचवटे लांब आणि पुढे सरकलेले. जुन्या, घासलेल्या किड्यावर पट्टा पुसट होतो, म्हणून उंचवटे पाहणं खात्रीचं.

मूळच्या या दोघी दक्षिण अमेरिकेतल्या, जलपर्णीच्याच घरच्या. जलपर्णी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियसने १८२३ मध्ये तिला पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस म्हटलं, नंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ ती आयकॉर्निया म्हणून ओळखली गेली, आणि आता परत पॉन्टेडेरियात गेली आहे. जगभर ती बागेतल्या फुलासाठी नेली गेली आणि तिला खाणारे मागेच राहिले. ते मुद्दाम आणावे लागले. अर्जेंटिनाहून आणलेली आयकॉर्नी १९७२ मध्ये आणि ब्रुकी १९७४ मध्ये फ्लोरिडात सोडली. भारतात बंगळूरुला १९८०च्या दशकात, युगांडात व्हिक्टोरिया सरोवरावर १९९५ मध्ये. व्हिक्टोरियावरची जलपर्णी पुढे तीन-चार वर्षांत झपाट्याने घटली. त्यात सोंडकिड्यांचा वाटा मोठा होता आणि १९९७-९८च्या एल निनोच्या वादळी हवेचाही होता. दोन्ही सांगायला हवेत.

२५ फेब्रुवारी

पाळणूक सुरू. चार बादल्यांत 'ब' जागेची स्वच्छ रोपं, पानं भिंगाखाली तपासून, एकही खरवड नसलेली. दोन बादल्यांत ब्रुकीच्या पाच जोड्या, दोनमध्ये आयकॉर्नीच्या पाच. वर बारीक जाळी. आठ दिवसांनी प्रौढ काढून घ्यायचे आणि मग वाट पाहायची.

१ मार्च

गोंडाळ. याची मुळं जलपर्णीपेक्षा मऊ, पांढरट, दाट. माझा अंदाज होता की इथे मॅन्सोनिया डासाच्या अळ्या मिळतील. पिशवी खालून घातली, मुळं चाळणीवर हलक्या हाताने धुतली, खालचं पाणी भिंगाखाली पाहिलं. एकही नाही. तीन नमुने, तिन्ही कोरे. पण पानांच्या खालच्या बाजूला, पाण्याला टेकलेल्या भागावर अंड्यांचे पुंजके आहेत, प्रत्येक अंड्याचं एक टोक निमुळतं. अंडी इथे असतील तर अळ्याही इथेच असल्या पाहिजेत.

४ मार्च

होत्या.

चूक माझ्या हलक्या हातात होती. बहुतेक डासांची अळी श्वासासाठी पृष्ठभागाशी येते. मॅन्सोनियाची अळी वर येतच नाही. तिची श्वासनळी आखूड, टोकदार, करवतीसारखे दात असलेली. ती मुळाच्या सालीत खुपसते आणि आतल्या पोकळ ऊतींमधली हवा घेते. रोप पानांतून खाली मुळांपर्यंत हवा पोचवत असतं, त्याच वाटेवर हिने आपली नळी लावलेली. कोषसुद्धा तसाच, डोक्यामागच्या दोन शिंगांनी मुळाला जोडलेला. अशा घट्ट बसलेल्या जिवाला नुसती धार धुऊन कशी काढणार?

आज झाकणाच्या डब्यात रोप पाण्यासकट घातलं आणि मिनिटभर जोरजोरात हलवलं. पाणी ट्रेमध्ये निवळू दिलं. पाच-सहा मिनिटांनी तळाशी फिकट अळ्या सरकताना दिसल्या, पहिल्या रोपात नऊ. दुसऱ्यांदा हलवल्यावर आणखी चार. म्हणजे एकदा हलवून पुरत नाही. आता प्रत्येक रोप तीनदा हलवायचं आणि तिन्ही आकडे वेगळे लिहायचे. १ मार्चचे तीन नमुने खोडले नाहीत, पण शून्याच्या जागी 'पद्धत चुकीची' असं लिहिलं. शून्य तसंच राहिलं असतं तर पुढच्या माणसाने ते खरं धरलं असतं.

चार अळ्या बीकरमध्ये गोंडाळाच्या एका मुळाबरोबर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत तीन पुन्हा चिकटल्या. भिंगातून पाहिलं: अळी शेपटीने मुळाला टोचलेली, डोकं मोकळं, तोंडाचे ब्रश हलतायत. फार वेळ पाहत बसले.

हे माहीत असणं किती मोलाचं आहे! मॅन्सोनिया डास हत्तीरोगाच्या ब्रुगिया मलायी या कृमीचा प्रसार करतो. पाण्यावर तेल पसरून इतर डासांच्या अळ्या गुदमरतात. या अळीला पृष्ठभागाशी देणंघेणंच नाही. १९३०च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ एम. ओ. टी. अय्यंगार यांनी त्रावणकोरमध्ये हत्तीरोग आणि गोंडाळ यांचा संबंध उलगडून दाखवला, आणि तिथला उपाय डबक्यातून गोंडाळच काढण्याचा होता. एका अळीची श्वास घेण्याची तऱ्हा कळल्याशिवाय हा उपाय कुणाला सुचला नसता.

५ मार्च

बादल्यांतले प्रौढ काढले. ब्रुकीच्या एका बादलीतला जादा देठ चिरून पाहिला: फुगीर भागात सालीखाली तीन पिवळट अंडी एकाच खळगीत. आयकॉर्नी एका जागी बहुधा एकच अंडं ठेवते.

१२ मार्च

साल्व्हिनिया. पानांवर ताठ केस, प्रत्येकाच्या टोकाला अंडं फेटायच्या रवीसारखा जाळीदार गोळा. पान बुडवलं तरी केसांमध्ये हवेचा चंदेरी थर तसाच. केस पाणी झटकतात, फक्त अगदी टोकं पाण्याला धरतात, त्यामुळे तो थर जागचा हलत नाही.

या केसांखाली, कोंबाशी, सायर्टोबॅगस या सोंडकिड्याचे दोन प्रौढ मिळाले. दोन-अडीच मिलिमीटर, काळपट. बुडवले तर पोटाखाली हवेचा पापुद्रा घेऊन खाली चालतात. अळी पांढरी, आडव्या खोडात बोगदा करते आणि खोडच तुटतं. नुकसान मुख्यतः त्यामुळे.

या किड्याची गोष्ट माझ्या कामाशी इतकी जोडलेली आहे की ती इथे लिहून ठेवते. ही साल्व्हिनिया विसाव्या शतकात उष्ण प्रदेशांतल्या पाण्यांवर पसरली. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झालं आणि १९६२ पर्यंत तिने त्या जलाशयाचं सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकलं. तिला साल्व्हिनियाची ऑरिक्युलाटा जात समजत होते. म्हणून ऑरिक्युलाटा जिथे आढळते त्या त्रिनिदादमधून किडे आणून सोडले. उपयोग फारसा झाला नाही. १९७२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिचेलने दाखवलं की ही जातच वेगळी, आणि तिला मोलेस्टा नाव दिलं. तिचं मूळ घर शोधायला १९७८ उजाडलं: ब्राझीलचा आग्नेय भाग. तिथे तिच्यावर मिळालेला सोंडकिडा आधी त्रिनिदादमधून आणलेल्या सिंग्युलॅरिस जातीसारखाच दिसत होता, तोच समजला गेला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळच्या मूनडारा सरोवरात सोडला आणि वर्षाच्या थोडं वर काळात त्याने तिथली साल्व्हिनिया संपवली. मग नीट पाहिलं तर किडाही वेगळी जात निघाली. १९८५ मध्ये तिचं नाव सायर्टोबॅगस साल्व्हिनी झालं. वनस्पतीचं नाव चुकलं होतं, किड्याचंही चुकलं होतं, आणि त्यात कितीतरी वर्षं गेली. २२ फेब्रुवारीला उंचवटे मोजत बसले होते तेव्हा हेच मनात होतं.

गोष्टीचा दुसरा भाग आणखी जवळचा. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या पाण्यांवर सुमारे २५० चौरस किलोमीटर साल्व्हिनिया होती. तिथे काही ठिकाणी किडे सोडले तरी टिकेनात, कारण रोपांत नायट्रोजन फार कमी होता. खाऊनही अळ्यांचं पोषण होत नव्हतं. मग पाण्यावर युरिया टाकला गेला. रोपं हिरवी झाली, किडे वाढले, वाढलेले किडे पुढे आपल्या बळावर पसरले. १९८५ पर्यंत आच्छादन २ चौरस किलोमीटरवर आलं. तण मारायला आधी तणाला खत घातलं!

१९ मार्च

यावरून 'अ' आणि 'ब' पुन्हा पाहिले. 'अ' जागेची रोपं सांडपाण्यावर पोसलेली. बुडवून मोजल्यावर तिथले दहापैकी सात-आठ किडे ब्रुकी निघतात. 'ब' जागेवर उलट, आयकॉर्नी जास्त. ब्रुकीला पोषण भरपूर मिळालेली रोपं अधिक मानवतात हे इतरांनीही पाहिलेलं आहे.

पण 'अ' जागेवर इतके किडे असूनही रोपं खचत नाहीत. खरवडींनी भरलेलं पान वाळतं तोवर आतून दोन नवी येतात. 'ब' जागेवर किडे कमी, तरी तिथलं रोप एक पान गमावलं की आठवडाभर तसंच. नुसती किड्यांची संख्या लिहिली असती तर 'अ' जागेवर नुकसान जास्त असं वाटलं असतं. म्हणून आता पानांना रंगीत दोरा बांधून नव्या पानांचा वेगही नोंदवते.

२ एप्रिल

आज फार चुटपुट लागली. 'ब' जागेच्या मुळांच्या ट्रेमध्ये तोच मातकट गोळा दिसला जो ६ फेब्रुवारीपासून मी कचरा म्हणून फेकत आले. हा मात्र मुळाला चिकटलेला होता. सुईने उघडला. आत पांढरा कोष, सोंड पोटाशी दुमडलेली.

निओकेटिनाची अळी देठातून बोगदा करत गाभ्यापर्यंत येते, पूर्ण वाढ झाली की बाहेर पडून पाण्याखाली मुळांत उतरते. तिथे मुळांचे बारीक केस कुरतडून त्यांचा वाटाण्याएवढा गोळा वळते आणि जिवंत मुळाला जोडते. मॅन्सोनियासारखंच: पाण्याखाली राहायचं आणि हवा रोपाकडून घ्यायची. म्हणजे एकच किडा अंडं देठात, अळी देठात आणि गाभ्यात, कोष मुळांत, प्रौढ पानावर. चारही पिशव्यांत एकाच जातीचे तुकडे विखुरलेले होते आणि मुळांच्या पिशवीतला मी दोन महिने टाकून देत होते.

मागचा कचरा गेला तो गेला. अल्कोहोलमध्ये जपलेल्या नऊ नमुन्यांचा गाळ अजून आहे. तो सगळा पुन्हा चाळायचा.

३ ते ८ एप्रिल

चाळला. नऊ नमुन्यांत मिळून एकवीस गोळे. त्यांतले सहा रिकामे, वरून गोल भोक.

१७ एप्रिल

दुपारी नावेवर बसवत नाही इतकं ऊन. वाचन.

अ‍ॅमेझॉनवर मनाउसजवळ नदी वर्षात सुमारे १० मीटर चढते-उतरते. तिथली तरंगती कुरणं पाण्याबरोबर वर जातात, खाली येतात. जमिनीवरच्या किड्यांना पूर आला की झाडांवर चढावं लागतं. तरंगत्या रोपावरच्याला घर सोडावं लागत नाही. व्होल्फगांग युंक यांनी तिथल्या मुळांतले जीव मोजले, आणि त्या अनुभवातून १९८९ मध्ये बेली आणि स्पार्क्स यांच्याबरोबर पुराच्या नाडीची संकल्पना मांडली: पूर हे नदीवरचं संकट नसून तिच्या जीवनाचा ठोका आहे. तिथला कॉर्नॉप्स अ‍ॅक्वॅटिकम नावाचा नाकतोडा अंडी देतो तीही जलपर्णीच्या देठात. देठ हा फुग्यासारखा, आतून जाळीदार, हवेने भरलेला. अंड्यांना याहून सुरक्षित जागा पाण्यावर दुसरी नाही.

१२ मे

ब्रुकीच्या बादलीत पहिला नवा प्रौढ. अंडं घातल्यापासून अडुसष्टाव्या ते शहात्तराव्या दिवसांदरम्यान. रंग अजून फिका, व्ही पट्टा अगदी स्पष्ट.

आयकॉर्नीच्या बादल्यांत देठांत बोगदे आहेत, बाहेर काही नाही. ती सावकाश वाढते.

१९ मे

'अ' जागेवरचे काही प्रौढ चिरून पाहिले, उडतात का ते कळावं म्हणून. अंडाशय भरलेल्या माद्यांत उडण्याचे स्नायू झिजून गेलेले. एकीत स्नायू भरदार, अंडाशय रिकामं. या किड्यांत दोन्ही एकत्र नांदत नाहीत, शरीर कधी हे उभारतं, कधी ते. अंडी घालणारी मादी उडू शकत नाही. तिला नवी जागा मिळायची तर ती रोपासकट वाहूनच.

२ जून

वरच्या भागात पाऊस झालाय. पाणी एका रात्रीत दोन हात चढलं, गढूळ. 'ब' जागेची कड सुटू लागली आहे. शेवटचे नमुने तीन तासांत घेतले.

६ जून

जलपर्णीचा थर गेला. काका पहाटे बोलवायला आले. आम्ही पोचलो तेव्हा मधला भाग हलत होता, एकसंध, झाडाखालची सावली सोडून हळूहळू उघड्या टोकाकडे. वर दोन बगळे उभे. मुख्य धारेला लागल्यावर त्याचे चार तुकडे झाले. पानांवर टाचण्या होत्या, काहींची कात अजून देठाला चिकटलेली. गाभ्यातले सोंडकिडे, देठांतल्या अळ्या, मुळांना बांधलेले गोळे, पाठीवर अंडी घेतलेले नर, सगळे त्याच्याबरोबर गेले. माझे रंगीत दोरेही.

'अ' जागेवर दाटीमुळे थोडी रोपं काठाला अडकून राहिली. गोंडाळ आणि साल्व्हिनिया कोपऱ्यात शिल्लक.

काका विचारत होते, "आता काय मोजणार?"

मोकळं पाणी मोजलं. प्राणवायू ५ च्या वर, फेब्रुवारीत जिथे १ च्या खाली होता तिथेच.

११ जून

आयकॉर्नीच्या पहिल्या बादलीत, रात्री साडेदहाला, जाळीखालच्या सर्वांत कोवळ्या पानावर एक किडा. लाल उजेडात उंचवटे पाहिले: लांब, पुढे. शंभराच्या वर दिवस लागले. पानावर एकच खरवड होती, कडा अजून हिरवी.